छिद्राच्या तोंडावरचा पडदा: इंकजेट प्रिंटरमध्ये शाई कशी उडते आणि का अडते

मुलुंडला घरीच शिकवणी घेणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न आहे. त्यांच्याकडे टाकीवाला इंकजेट प्रिंटर आहे. मे महिन्यात घर बंद करून त्या पाच आठवडे गावी गेल्या होत्या. परत आल्यावर प्रश्नपत्रिका छापायला घेतल्या, तेव्हा काळ्या अक्षरांतून पांढऱ्या रेघा जात होत्या आणि पिवळा रंग अर्धाअधिक गायब होता. त्यांनी ‘हेड क्लीनिंग’, म्हणजे शाई उडवणारा भाग (हेड) साफ करण्याचा प्रिंटरमधला पर्याय, आठ वेळा वापरला. दुसऱ्या वेळेनंतर बरीच सुधारणा दिसली, पण पुढे छपाई उलट बिघडतच गेली. जवळच्या दुरुस्तीवाल्याने हेड गेले म्हणून सांगितले. आता त्यांना जाणून घ्यायचे आहे की, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून शाई मुळात बाहेर कशी येते, ती अडते कशाने, आठ वेळा साफ करूनही सुटत का नाही, आणि पावसाळ्यात अक्षरे फुटतात तीही याच कारणाने का.

बाई, हेड खरेच गेले असण्याची शक्यता मी नाकारत नाही, पण आपण सांगितलेल्या क्रमावरून मला तसे वाटत नाही. आधी सुधारणा आणि मग क्लीनिंग वाढत जाईल तसा बिघाड, हे लक्षण मेलेल्या हेडचे नसून हेडमध्ये हवा शिरल्याचे असते. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, लागून असलेल्या एका गल्लीत मी गेली २२ वर्षे प्रिंटर दुरुस्त करतो आहे, आणि ‘हेड गेले’ म्हणून माझ्याकडे आलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचे हेड शाबूत निघते. बिघडलेला असतो तो नोझलच्या, म्हणजे हेडवरच्या बारीक छिद्राच्या, तोंडावरचा शाईचा पडदा. हा पडदा काय आहे हे एकदा लक्षात आले की आपल्या पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

घरगुती प्रिंटरच्या एका नोझलचा व्यास साधारण २० मायक्रॉन असतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. तेव्हा चांगला जाड केस आडवा कापला तर त्याच्या टोकावर अशी दहाबारा छिद्रे सहज मावतील. त्यातून बाहेर पडणारा थेंबही साधारण तेवढ्याच व्यासाचा असतो आणि त्यात सुमारे ४ पिकोलिटर शाई असते. पिकोलिटर हा लिटरचा एक लाख कोटीवा भाग असल्यामुळे हा आकडा नुसता वाचून काही बोध होत नाही. त्यापेक्षा असे पाहावे की इंजेक्शनच्या सिरिंजमधील एक मिलिलिटर शाईत असे २५ कोटी थेंब असतात.

इतक्या लहान थेंबाच्या जगात आपल्या रोजच्या अनुभवातले बरेच नियम दुय्यम ठरतात. अळवाच्या पानावर पाण्याचा मोठा थेंब ठेवला तर तो स्वतःच्या वजनाने थोडा चपटा होतो, पण पहाटेच्या दवाचा बारीक थेंब त्याच पानावर अगदी मोत्यासारखा गोल राहतो. याचे कारण असे की वजन आकारमानावर अवलंबून असते आणि थेंब लहान होत जाईल तसे ते फार वेगाने घटते, तर पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसून घेण्याची ओढ, त्या मानाने सावकाश घटते. २० मायक्रॉनच्या थेंबापर्यंत येईतो गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताण काही हजार पटींनी वरचढ झालेला असतो. पृष्ठताणामुळे अशा थेंबाच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७ किलोपास्कल जास्त दाब असतो, म्हणजे ७० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. नोझल खाली तोंड करून बसलेले असूनही त्यातून शाई गळत नाही, ती याच ओढीमुळे. छिद्राच्या तोंडावर शाई आत वळलेल्या वाटीसारखी ताणून बसते. यालाच मेनिस्कस म्हणतात आणि वर ज्याला मी पडदा म्हटले तो हाच.

आता हा पडदा फोडून थेंब बाहेर काढायचा कसा, हा प्रश्न उरतो. सर्वांत जुनी पद्धत पडदा टिकवण्याच्या भानगडीतच पडत नाही. पहाटे पाणी जायच्या वेळी नळाची धार बारीक होते आणि थोडे खाली येताच तिचे थेंब पडू लागतात, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. धार तिच्या परिघापेक्षा जास्त लांबीच्या चढउतारांना टिकू शकत नाही आणि पृष्ठताणच तिचे तुकडे पाडतो, हे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले आणि लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये त्याचे गणित मांडले. शाईची अशी अखंड धार सोडून, तिला ठरावीक कंप देऊन एकसारखे थेंब पाडायचे, हव्या त्या थेंबांवर विद्युतभार चढवायचा आणि विद्युतक्षेत्राने त्यांना वळवायचे, अशी ती पद्धत आहे. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर ठिपक्याठिपक्यांनी काढलेली तारीख पुष्कळदा अशाच यंत्राने उमटवलेली असते. घरच्या प्रिंटरला मात्र मागणीप्रमाणे एकेक थेंब हवा असतो, आणि त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट उष्णतेची. १९७७ मध्ये कॅनन कंपनीत इचिरो एंदो यांच्या प्रयोगांदरम्यान तापलेले सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, हा किस्सा आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. साधारण त्याच काळात एचपी कंपनीतही स्वतंत्रपणे तीच कल्पना आकाराला आली आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. नोझलच्या मागच्या कोठडीत एक अतिशय पातळ तापक असतो. तो एकदोन मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि त्याला टेकलेला शाईचा मायक्रॉनहूनही पातळ थर एका झटक्यात वाफ होतो. डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडले की थेंब नाचत राहतो, कारण वाफेची गादी त्याला तव्यापासून अलग करते. इथेही बुडबुडा होताच उरलेल्या शाईचा तापकाशी संबंध तुटतो आणि बाकीची शाई जवळजवळ थंडच राहते. बुडबुडा फुगतो, शाईला नोझलबाहेर ढकलतो आणि दहावीस मायक्रोसेकंदांत कोसळतो. कोसळताना तो तापकावर इतका जोराने आदळतो की त्याच्या रक्षणासाठी टँटलमसारख्या कठीण धातूचे अस्तर द्यावे लागते. शाईतले काही पदार्थ तापकावर जळून बसतात, त्याला ‘कोगेशन’ म्हणतात; मूळ जपानी शब्दाचा अर्थ भांड्याच्या बुडाशी लागून करपलेला थर असाच आहे. या जातीच्या हेडला शाई संपलेली असताना छपाई करायला लावणे म्हणजे रिकामे पातेले गॅसवर ठेवण्यासारखे आहे, कारण तापकाची उष्णता वाहून नेणारे दुसरे काही आत नसते.

दुसरी वाट दाबाची, आणि आपल्या प्रिंटरमध्ये बहुधा हीच आहे. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधले. त्याचे उलटही खरे आहे, म्हणजे वीज दिली की असा पदार्थ किंचित आकार बदलतो. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगापासून केलेले सिरॅमिक यासाठी वापरतात. विजेचा झटका मिळाला की शाईच्या कोठडीची एक भिंत हलते, पण किती? एका मायक्रॉनपेक्षाही कमी. एवढ्याशा हालचालीने थेंब उडतो, कारण ती काही मायक्रोसेकंदांत होते आणि तिची वेळ नेमकी साधलेली असते: भिंत आधी बाहेर जाऊन पडदा किंचित आत ओढते आणि कोठडीत उठलेली दाबाची लाट परत फिरते त्याच क्षणी ती पुढे रेटते. गलोल आधी मागे ताणावी लागते, तसेच हे. या पद्धतीत शाई तापवावी लागत नाही, म्हणून शाईची निवड मोकळी राहते. फ्लेक्सचे बॅनर छापणारी यंत्रेही याच कारणाने याच जातीची असतात. पण तिचा एक जबर तोटा आहे, त्याकडे मी पुढे येतो.

थेंब निघतो तो क्षण जरा जवळून पाहण्यासारखा आहे. प्रथम नोझलमधून शाईचा एक बोटासारखा खांब बाहेर येतो. साधारण दहा मायक्रोसेकंदांत शून्यापासून सेकंदाला ७ मीटर वेग घेताना शाईला मिळणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७०,००० पट भरते. मग भिंत किंवा बुडबुडा मागे सरतो, खांबाचे डोके पुढे पळते, मूळ नोझलला चिकटून राहते आणि मध्ये एक बारीक शेपूट ताणले जाते. हे शेपूट तुटते तेव्हा त्याचा काही भाग डोक्यात सामावतो, काही परत आत जातो आणि कधी कधी उरलेल्या भागाचे स्वतंत्र बारीक थेंब बनतात. त्यांना आम्ही सॅटेलाइट म्हणतो. हेड आणि कागद यांच्यात साधारण एक मिलिमीटर अंतर असते. ते मुख्य थेंब सेकंदाच्या सात हजाराव्या भागात कापतो. तेवढ्या वेळात, हेड सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आडवे सरकत असेल तर, थेंब आडवाही ७० मायक्रॉन सरकतो. हेड जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला, असा एकूण १४० मायक्रॉनचा फरक पडतो, आणि ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या, छपाईत दोन ठिपक्यांतले अंतर अवघे ४२ मायक्रॉन असते. ‘हेड अलाइनमेंट’ नावाचा जो पर्याय कोणी कधी वापरत नाही, तो हा फरक जुळवण्यासाठी दिलेला असतो.

सॅटेलाइटची गत वेगळी आहे. ५ मायक्रॉनचा थेंब त्याच वेगाने निघाला तरी हवेचा विरोध त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच थोपवतो. कागदापर्यंतचे उरलेले अंतर तो हवेच्या झुळकीवर तरंगत काटतो किंवा काटतच नाही. काही वर्षे चाललेल्या प्रिंटरचे झाकण उघडले की आतल्या पांढऱ्या पट्टीवर आणि रुळावर रंगीत धुरळा बसलेला दिसतो, तो या अनाथ थेंबांचा. भिंगातून छापील अक्षर पाहिले तर काठाच्या एकाच बाजूला बारीक ठिपक्यांची पिसे दिसतात, तीही यांचीच.

सॅटेलाइट कमी व्हावेत आणि थेंब नीट तुटावा यासाठी शाईचा दाटपणा आणि पृष्ठताण यांचा मेळ बसावा लागतो. या मेळासाठी ओनेसोर्ग संख्या नावाचे एक माप आहे. दाटपणाला घनता, पृष्ठताण आणि थेंबाचा व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की ती मिळते. ती साधारण ०.१ ते १ यांच्या दरम्यान असेल तर थेंब नीट उडतो. नुसत्या पाण्यासाठी २० मायक्रॉनच्या नोझलवर ती ०.०३ च्या खाली येते, म्हणून साधे पाणी उडवले तर थेंबामागून थेंबांची वरातच निघते. उलट मधासारखा दाट द्रव घेतला तर तो हलतच नाही. प्रिंटरची शाई पाण्याच्या दोनचार पट दाट आणि पृष्ठताणाने पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे त्या पट्ट्याच्या जेमतेम आत बसते. बाटलीवर ‘सर्व प्रिंटरसाठी’ असे लिहिलेली शाई घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच समजावतो. शाई स्वस्त असण्याला माझी हरकत नाही, पण ती त्या जातीच्या हेडसाठी केलेली असावी. रंग जुळणे ही नंतरची गोष्ट आहे.

आता पुन्हा पडद्याकडे येऊ. छिद्राच्या काठाला धरून बसलेला पडदा, हिशोबाने, ७० सेंटिमीटर उंचीच्या शाईचा भार पेलू शकतो. पण नोझलच्या बाहेरच्या पाट्यावर, म्हणजे नोझल प्लेटवर, शाई पसरली की पडद्याची कड २० मायक्रॉनच्या छिद्रावरून सुटून त्या ओल्या डागाच्या कडेवर जाते. डाग दोन मिलिमीटर रुंद असेल तर पेलण्याची ताकद ७० सेंटिमीटरवरून ७ मिलिमीटरवर घसरते. म्हणूनच कोणताही प्रिंटर शाईला हेडमध्ये किंचित उणे दाबाखाली ठेवतो: कार्ट्रिजमध्ये स्पंज असतो, कुठे स्प्रिंग लावलेली पिशवी असते, आणि बाहेरून टाकी जोडलेली असेल तर ती हेडच्या पातळीखाली ठेवतात. गिरगावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात दसऱ्याच्या साफसफाईत मालकांनी बाहेरच्या टाक्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून प्रिंटरच्या वरच्या फळीवर मांडल्या. सकाळी चारही टाक्यांतली शाई यंत्रातून झिरपून काउंटरवरून फरशीपर्यंत आली होती. हेडला काहीही झालेले नव्हते. पडदे तेवढे फुटले होते.

पडदा फुटण्याचा दुसरा प्रकार आतल्या बाजूचा, आणि आपल्या बाबतीत दोन गोष्टी एकामागून एक घडल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. आधी सुकणे, मग हवा.

सुकण्याचे असे की पडदा हवेला उघडा असतो आणि त्यातून पाणी सतत उडून जात असते. शाईत ग्लिसरीन आणि ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, पण पाणी गेले की मागे उरलेले मिश्रण दाट होत जाते. झटका देणारी भिंत तेवढीच हलते, शाई मात्र पुढे जात नाही. पिगमेंट शाईत मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे घन कण असतात. पाणी फारच गेले तर ते एकमेकांना धरून गठ्ठा करतात, आणि पुन्हा पाणी मिळाले तरी तो गठ्ठा सहजी सुटत नाही. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, त्यामुळे ती सुकली तरी बहुधा परत विरघळते. बऱ्याच टाकीवाल्या यंत्रांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. आपले यंत्र तसे असेल तर काळी शाई सुटायला वेळ लागेल आणि पिवळा लवकर परत येईल.

सुकणे टाळण्यासाठी प्रिंटर काम संपले की हेड उजव्या किंवा डाव्या टोकाला नेऊन रबरी टोपीवर बसवतो. टोपीखालची कोंडलेली हवा लवकरच दमट होते आणि बाष्पीभवन जवळजवळ थांबते. शाईच्या पेनाला टोपण लावावे, इतकी ही साधी गोष्ट आहे. पण मुंबईकर गावी जाताना घाईत भिंतीवरचे बटण किंवा थेट मेन स्विच पाडतात. प्रिंटर त्या वेळी काही करत असेल तर हेड मध्येच उघडे राहते, आणि मग पाच आठवडे काय, पाच दिवसही त्याला पुरेसे होतात. प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबावे, आतला खटखट आवाज थांबेपर्यंत थांबावे आणि नंतरच भिंतीवरचे बटण बंद करावे. टोपीच्या रबरावर वाळलेली शाई किंवा केस अडकला असेल तरीही ती नीट बसत नाही. ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ती पुसावी.

मग क्लीनिंगने काय होते? तीच टोपी खालून शाई शोषते. सर्व नोझल एकाच टोपीखाली असतात, आणि बारीक नळीतून होणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे सुकलेल्या शाईने एखाद्या छिद्राची त्रिज्या निम्मी झाली असेल तर त्यातून सोळाव्या हिश्शाचाच प्रवाह जातो. टोपीने ओढलेली शाई त्यामुळे जी छिद्रे आधीच मोकळी आहेत त्यांतूनच येते. अर्धवट अडलेली छिद्रे पहिल्या एकदोन वेळांत सुटतात, आपल्यालाही तसेच दिसले. पुढच्या सहा वेळा आपण मुख्यतः चांगली शाई टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये ओतत होता, आणि शाईचा पुरवठा त्या वेगाला पुरला नाही की कुठेतरी पडदा आतल्या बाजूला फुटून हवा कोठडीत गेली.

दाबाच्या वाटेने चालणाऱ्या, म्हणजे पीझो, हेडचा जबर तोटा म्हणालो तो इथे येतो. शाई जवळजवळ दाबली जात नाही, म्हणूनच मायक्रॉनपेक्षाही कमी हालचालीने तिच्यात मोठा दाब तयार होतो. कोठडीत हवेचा एक बारीक बुडबुडा असला की तो उशीसारखा दबतो आणि सगळा दाब स्वतःच गिळतो. भिंत हलत राहते आणि थेंब येत नाही. तो नोझल बाहेरून पाहता बंद पडल्यासारखाच दिसतो. अशा वेळी पुन्हा क्लीनिंग करणे म्हणजे बुडबुड्याला सोबती आणून देणे आहे. त्यापेक्षा यंत्र बंद करून बारा तास तसेच सोडले तर पृष्ठताणामुळे बुडबुड्यातला दाब वाढलेला असतो आणि त्यातली हवा हळूहळू शाईत विरघळते. रात्रभर काही न करता सकाळी रंग परत आलेला पाहून गिऱ्हाइके चमत्कार झाल्यासारखी फोन करतात.

सुकणे आणि हवा यांतला फरक ओळखायला ‘नोझल चेक’ची छापील जाळी पुरते, फक्त ती लागोपाठ दोनदा काढावी लागते. दोन्ही कागदांवर त्याच जागच्या रेघा तुटलेल्या असतील तर ती छिद्रे सुकलेली आहेत. तुटलेल्या रेघा जागा बदलत असतील तर हवा किंवा शाईचा पुरवठा. एखादा रंग छपाई सुरू झाल्यावर ठीक आणि पान संपता संपता फिकट होत असेल तर टाकीचे हवेचे छिद्र बंद आहे किंवा नळी दबलेली आहे, हेडचा संबंध नाही. रेघा सर्व आहेत पण काही तिरक्या गेल्या आहेत, असे असेल तर नोझलच्या काठावर एका बाजूला शाई किंवा कागदाचा धागा चिकटलेला आहे. शेपटाला एका बाजूने ओढ बसते आणि थेंब तिकडे वळतो.

आपण आता असे करावे. टाक्यांतली शाई खुणेच्या वर असल्याची खात्री करून प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करावा आणि एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी दोनदा नोझल चेक घ्यावा. रेघा जागा बदलत असतील तर एकच क्लीनिंग करून पुन्हा बारा तास थांबावे. त्याच जागच्या रेघा राहिल्या तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेली, धागे न सुटणारी कापडाची घडी हेडखाली ठेवून काही तास नोझलना तिच्यावर टेकू द्यावे. कापड ओलसर असावे, निथळते नको. नळाचे पाणी वापरू नये, कारण ते वाळले की क्षार मागे राहतात. स्पिरिट किंवा अल्कोहोल पिगमेंट शाईच्या हेडला लावू नये. कणांना अलग ठेवणारा समतोल बिघडून गठ्ठे आणखी घट्ट होऊ शकतात. आणि सिरिंज लावून जोराने पाणी मारण्याचा मोह टाळावा. धंद्यात नवा असताना मी एका गिऱ्हाइकाचे हेड याच प्रकाराने घालवले होते; हेडच्या आतले पातळ पटल फाटले आणि दोन रंग एकमेकांत शिरले, आणि नवे हेड मला पदरचे पैसे घालून द्यावे लागले. एवढे करूनही दोनतीन दिवसांत फरक पडला नाही, तरच हेड बदलण्याचा विचार करावा.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि माझ्या अनुभवात मुंबईचे हवामान इथे गंमत करते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत पडदा सुकत नाही, म्हणून नोझलना हे दिवस मानवतात. ते मानवत नाहीत कागदाला. थेंब कागदावर आदळला की त्याचा व्यासाच्या साधारण दुप्पट ठिपका होतो आणि मग तंतूंच्या फटींतून शाई दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी आत शिरते. कागद हवेतले पाणी पिऊन आधीच ओलावलेला असला की तंतू फुगलेले असतात, शाईतले पाणी बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती तंतूंच्या रेषेने आडवी धावते. अक्षराच्या काठाला मुळे फुटल्यासारखी दिसतात ती याने. पिगमेंटची काळी शाई यात बरी टिकते, कारण तिचे कण पृष्ठभागावरच अडकतात आणि पाणी एकटेच पुढे जाते. डायचा रंग पाण्याबरोबर जातो. म्हणून एखाद्या पानावर मजकूर ठीक आणि आकृती पसरलेली दिसली तर हेडवर संशय घेऊ नये.

कागदाची रीम फोडल्यावर उरलेली पाने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवावीत, ट्रेमध्ये त्या दिवसापुरतीच घालावीत, आणि प्रश्नपत्रिका रंगीत आकृत्यांसह छापायच्या असतील तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शाईची घनता एक पायरी कमी करावी. टाकाऊ शाईचे पॅड आठ क्लीनिंगनंतर बरेच भरलेले असेल. ते भरल्याची सूचना स्क्रीनवर आलीच तर घाबरून जाऊ नये, पॅड बदलून मिळते आणि त्याचा हेडशी काही संबंध नाही.